लीडर निवडून आला, बटण मात्र जुन्यापाशीच

ईव्ह ऑनलाइन नावाचा अंतराळातला एक गेम आहे. जहाजं, खाणी, व्यापार, लढाया, आणि हजारो लोक एकाच विश्वात. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं २००३ मध्ये सुरू केला. तर या गेमचे खेळाडू २००८ पासून मतदान करून आपलं एक मंडळ निवडून राहिले, कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट त्याचं नाव, आणि निवडून आलेल्यांना कंपनी स्वतःच्या खर्चानं आइसलँडला बोलावते, समोर बसवते, पुढं गेममध्ये काय काय येणार ते आधीच सांगते (बाहेर बोलायचं नाही अशी सही घेऊन) आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेते. ऐकून घेते म्हणजे फक्त ऐकून घेते बरं, मानलंच पाहिजे असं काही नाही.

मी हे पानठेल्यावर सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "मानधन किती भेटते?" दुसरा, "राखीव जागा हायत का?" दोन्हीचं उत्तर नाही म्हटल्यावर आमच्या एका काकांनी निकालच लावला, "मंग माणूस उभा काहून राह्यते बाप्पा?"

उभा राहतो याचं कारण त्या मंडळाच्या जन्मातच आहे. २००७ मध्ये उघडकीस आलं की कंपनीतलाच एक माणूस स्वतः गेम खेळत होता आणि त्यानं आपल्या गटाला दुर्मिळ ब्लूप्रिंट (गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे) मिळवून दिल्या होत्या. झाली बोंबाबोंब. ज्यांचं राज्य तेच एका पार्टीत, मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला? म्हणून खेळाडूंची माणसं आत डोकावायला पाहिजेत असं ठरलं. म्हणजे हे मंडळ राज्य करायला नव्हतंच, डोळा ठेवायला होतं. आणि २०११ मध्ये त्याचा उपयोग दिसला, कंपनीनं पात्रांसाठी कपडे-चष्मे विकायला काढले, त्यात एका डोळ्याला लावायचा चष्मा साठ डॉलरच्या वर, खरे डॉलर, लोक असे भडकले की जिता नावाच्या मोठ्या बाजारपेठेत जहाजं घेऊन जमले आणि तिथल्या पुतळ्यावर गोळ्या झाडत बसले. कंपनीनं घाईघाईत मंडळाला आइसलँडला बोलावून घेतलं. हातात सत्ता शून्य, पण गर्दी पाठीशी असली की दार उघडते.

तरी बटण कंपनीपाशीच राहिलं. गेममधल्या निवडणुकांबद्दल काहीही वाचलं की मी आता एवढंच पाहतो, मतं कोणाला किती पडली ते जाऊ द्या, निकालानंतर बटण कोणाच्या बोटाखाली आहे. ही सवय मला लागली ती आमच्या गावच्या क्लॅनमुळं, म्हणजे मोबाइल गेममधल्या आमच्या गटामुळं.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गेम क्लॅश ऑफ क्लॅन्स, जुनाच आहे, २०१२ चा, पण आमच्याकडं अजून जोरात. क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण. त्यातले अर्धे गावातले पोट्टे, बाकीचे गावाचेच पण पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेले. एक लीडर, त्याच्याखाली को-लीडर, त्याखाली एल्डर, उरलेले मेंबर. दुसऱ्या क्लॅनशी वॉर लावायचं म्हणजे एक दिवस तयारीचा, एक दिवस लढाईचा, प्रत्येकाला दोन अटॅक. यादीत कोण घ्यायचं ते वर बसलेले ठरवणार. किक कोणाला मारायची, म्हणजे क्लॅनमधून कोणाला हाकलायचं, तेही तेच. मतदान नावाची गोष्ट या गेममध्ये कुठंच नाही, पूर्ण मेनू शोधून पाहा.

आमचा लीडर मोबाइल रिपेअरिंगवाला. क्लॅन त्यानंच काढलेला, मेहनत त्याचीच, हे सगळ्यांना मान्य. पण वॉरच्या यादीत नेहमी तीच तीच नावं, दुकानात बसणारी. यावरून धुसफूस होतीच, भडका उडाला तो एका पोट्ट्याच्या किकवरून. त्याच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती, म्हणजे शेतपंपाची वीज रात्रीच. हरभऱ्याला पाणी द्यायचं, रात्री उशिरा मोटर सुरू करायला वावरात गेला, तिथं नेटवर्क नाही, सकाळी आला तोवर वॉर संपलेलं, दोन्ही अटॅक तसेच राहिलेले. आम्ही एका स्टारनं, म्हणजे एका गुणानं हरलो. लीडरनं न विचारता किक मारली. पोट्टा दुकानावर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुहा टाऊन हॉल पाहू का माह्या हरभरा पाहू बे? लाईन काय तुह्या बापाची हाय का?"

त्या संध्याकाळी ग्रुपवर ठरलं, इलेक्शन घ्या. लीडरही तोऱ्यात म्हणाला, घ्या.

आता इलेक्शन म्हटलं की आमच्या लोकांच्या अंगात येते. पहिला वाद, लीडर थेट निवडायचा की आधी को-लीडर निवडून त्यांनी लीडर करायचा. हसू नका, हा वाद महाराष्ट्र सरकारला तरी कुठं सुटला, २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून केला, २०२० मध्ये ते रद्द करून पुन्हा सदस्यांमधून, २०२२ मध्ये परत थेट. आमच्यात ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी ग्रामपंचायतीला उभे राहिलेले ते तर तज्ज्ञच. शेवटी थेट ठरलं, कारण को-लीडर सगळे लीडरचेच होते.

दुसरा वाद याहून कठीण होता आणि खरं सांगतो तिथं आमचं कोणाचंच डोकं चाललं नाही. मत माणसाला की आयडीला? लीडरच्या दुकानात मोबाइलच मोबाइल, त्याचे मिनी आयडी, म्हणजे त्याचीच जास्तीची खाती, क्लॅनमध्ये चार-पाच. एकानं दोन भावांच्या नावानं काढलेले, भावांनी गेम उघडून पाहिलेला नाही. आयडीला मत दिलं तर इलेक्शनच नको, निकाल आत्ताच लिहून घ्या. माणसाला दिलं तर हैदराबादवाला तो आयडी खरंच माणूस आहे का हे कोण तपासणार? ईव्हमध्येही मत अकाउंटला आहे, ज्याचे पैसे भरलेले अकाउंट जास्त त्याची मतं जास्त, आणि तिथं एकेका माणसाचे पाच-पाच अकाउंट ही काही नवलाची गोष्ट नाही. शिवाय मोठे गट आपल्या लोकांना यादीच पाठवतात, या क्रमानं या नावांना मत द्या म्हणून. २०१३ पासून तिथं पसंतीक्रमाची पद्धत आहे. ज्यांनी अमरावती पदवीधरला मतदान केलंय त्यांना सांगायला नको, नावापुढं १, २, ३ आकडे टाकायचे, पहिल्याचं काम झालं किंवा तो बाद झाला की मत पुढच्याकडं सरकते. लहान गटांनाही एखादी जागा मिळावी हा हेतू. मोठ्यांनी त्याचंही गणित बसवलं, तो भाग वेगळा.

आम्ही माणसाला एक मत असं धरलं. व्हॉट्सॲप पोल टाकला तर कोणी कोणाला दिलं ते नावानिशी दिसते, म्हणजे लीडरच्या दुकानात ज्याचा मोबाइल खोलून पडलाय तो मत कोणाला देणार? म्हणून चिठ्ठ्या. पानठेल्यावर बिस्किटाचा रिकामा पुडा ठेवला, बाहेरगाववाल्यांनी एका तटस्थ माणसाला फोन करून नाव सांगायचं आणि त्यानं चिठ्ठी टाकायची. तटस्थ माणूस म्हणजे पानठेलेवाला, त्याच्यापाशी साधा बटणाचा फोन आहे, गेमशी काही घेणंदेणं नाही. विरोधी उमेदवार आमच्यातलाच एक, कृषी केंद्रात कामाला. त्यानं आदल्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. आचारसंहिता नव्हती, त्यामुळं मीही खाल्ले.

मोजणी कोण करतो याला फार महत्त्व आहे हो. २००४ मध्ये सिम्स ऑनलाइन या गेममध्ये अल्फाव्हिल नावाच्या शहराची निवडणूक झाली होती, खेळाडूंनीच उभं केलेलं सरकार, कंपनीची त्याला काही मान्यता नाही. एका बाजूला खुर्चीवरचा मिस्टर-प्रेसिडेंट नावाचा, दुसऱ्या बाजूला ॲशली नावाचं पात्र घेऊन खेळणारी शाळकरी पोरगी. बाहेरच्या बातम्यांपर्यंत गाजलं ते. खुर्चीवाला जिंकला आणि लगेच आरोप सुरू झाले, मतदानाची यंत्रणाच सत्तेवाल्यांच्या हातात होती, आमच्या लोकांची मतं घेतलीच नाहीत. म्हणजे मशीनवरचा संशय हा काही आपल्याच देशाचा शोध नाही.

आमच्याकडं मात्र मोजणी साफ झाली. कृषी केंद्रवाला निवडून आला. गुलाल उधळला, फोटो काढले, स्टेटसला टाकले. आणि मग रात्री कोणाच्या तरी लक्षात आलं, अरे पण गेममध्ये तर अजून लीडर तोच आहे.

निवडून आलेल्याला लीडर करायचं तर जुन्या लीडरनं त्याच्या नावावर बोट ठेवून बढती द्यायची, तो लीडर होणार आणि हा आपोआप को-लीडरवर येणार. दुसरा रस्ता एकच, लीडरनं ९० दिवस गेम उघडलाच नाही तर पद आपोआप दुसऱ्याकडं जाते. हा तर दिवसातून दहादा उघडतो. ग्रामपंचायतीत सरपंच बदलला तर निदान ग्रामसेवक असतो, दप्तर त्याच्या कपाटात, शिक्का त्याच्या टेबलावर, खात्यावर दोघांची सही. आमच्या क्लॅनमध्ये ग्रामसेवक नाही, कपाट नाही, एक अंगठा आहे आणि तो हरलेल्या माणसाचा.

त्याला विचारलं तर म्हणे, "देतो ना, पळून चाललो का?" मग म्हणे हे वॉर होऊ द्या. मग म्हणे हप्त्यानं पाहू. कोणी जास्त बोललं तर, "निवडून तुमी आणला, गेमनं थोडी आणला."

आणि हे बोलणं खोटं नव्हतं, हाच तर त्रास आहे. ईव्हमध्ये २००९ च्या फेब्रुवारीत काय झालं पाहा. बँड ऑफ ब्रदर्स नावाची आघाडी, त्या वेळची सर्वांत दबदब्याची, वर्षानुवर्षं लढून जागा जिंकलेली. तिच्यातला एक डायरेक्टर फुटला, विरोधी गूनस्वार्मला जाऊन मिळाला, आणि त्याच्यापाशी अधिकार होते म्हणून त्यानं आघाडीच बरखास्त करून टाकली. एकही लढाई नाही. जागेवरचा ताबा त्या नावावर होता, नावच गेलं तर ताबाही गेला, वरून विरोधकांनी तेच नाव आपल्या नावावर नोंदवून घेतलं. हजारो माणसांची मेहनत, आणि सॉफ्टवेअरला फक्त एवढंच कळते की या आयडीला हे बटण दाबायची परवानगी आहे का. आहे. मग दाब.

काही गेमवाल्यांनी मात्र हे आधीच ओळखून बटणच मतदानाला बांधलं. स्टार वॉर्स गॅलेक्सीजमध्ये २००३ च्या शेवटी खेळाडूंना शहरं वसवायची सोय आली, ज्याचं घर त्या शहरात तो नागरिक, दर तीन आठवड्यांनी महापौराची निवडणूक, आणि हरलेला महापौर रुसून बसला तरी काही बिघडत नाही, कारण अधिकार गेम स्वतः काढून दुसऱ्याला देतो. (२०११ च्या डिसेंबरात सर्व्हरच बंद झाले, सगळे महापौर एकाच रात्री माजी.) ईकोमध्ये खेळाडू कायदे लिहितात आणि कायदा पास झाला की गेमच तो पाळून घेतो, झाडं तोडायला बंदी केली असेल तर कुऱ्हाड मारून काही होत नाही. आपल्याकडं असं असतं तर अर्ध्या पाट्या काढून टाकाव्या लागल्या असत्या.

मला सगळ्यात आवडला तो इजिप्तवाला, अ टेल इन द डेझर्ट, हाही २००३ चा. लढाई नाहीच त्यात. खेळाडू अर्ज लिहितात, सह्या गोळा करतात, मतदान होते, मंजूर झालं की बनवणारे तो कायदा खरंच कोडमध्ये टाकतात. आणि डेमी-फॅरो नावाचं निवडून यायचं पद आहे, त्याला सात जणांना गेममधून कायमचं हाकलायचा अधिकार. सातच. आठवा नाही. म्हणजे बटण दिलं, पण मोजून. मत देताना लोकांना विचार करावाच लागतो की या माणसाच्या हातात ही सात नावं द्यायची का. आमच्या क्लॅनमध्ये ही सोय असती तर पहिल्या हप्त्यातच साती किक संपल्या असत्या.

उलट बटण सोडून द्यायचं मनापासून ठरवलं तरी सुटत नाही, असंही झालेलं आहे. लॅम्डामू, १९९० चं, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस या माणसानं सुरू केलेलं, चित्रं नाहीत, सगळं मजकुरातच, लोक लिहून लिहून एका मोठ्या घरात राहायचे. चालवणाऱ्यांना विझार्ड म्हणायचे. १९९२ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं की आता तुमची भांडणं तुम्ही पाहा, आम्ही फक्त मशीन चालू ठेवू. पुढच्या वर्षी एकानं दुसऱ्यांच्या पात्रांवर भर दिवाणखान्यात घाणेरडे अत्याचार लिहून दाखवले. लोकांनी सभा घेतली, तासन्‌तास बोलले, ठराव काही झाला नाही, आणि शेवटी एका विझार्डनंच स्वतःच्या मनानं त्या पात्राला काढून टाकलं. मग अर्ज आणि मतदानाची रीतसर पद्धत आली, मंजुरीला विरोधाच्या दुप्पट मतं पाहिजेत अशी. काही वर्षं चाललं. १९९६ मध्ये विझार्ड म्हणाले, जमत नाही, निर्णय आम्हीच घेत होतो, नुसतं घेत नाही असं म्हणत होतो, आता परत उघडपणे घेऊ. मला यातला प्रामाणिकपणा आवडला. आमच्या लीडरनं एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं.

आमच्या क्लॅनमध्ये एक गडचिरोलीकडचा गडी आहे, इकडं नोकरीला. तो म्हणाला, मतदानच कायले, मेंढा-लेखासारखं करा. धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच, बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं निर्णय, एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बसायचं. २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला त्यांनी, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. आणि बारकाईनं पाहिलं तर तिथंही गोष्ट बटणाचीच आहे, हक्क कागदावर मिळून दोन वर्षं झाली तरी पासबुक वनखात्यापाशी होतं, ते हाती आलं तेव्हा बांबू खरा त्यांचा झाला. सहमती मला पटते. पण जंगल कुठं पळून जात नाही, त्याला थांबता येते. आमच्या वॉरचा सर्च, म्हणजे समोरच्या क्लॅनचा शोध, संध्याकाळी लावायचा असते आणि पन्नास जणांची सहमती म्हणजे त्यातले बारा वावरात, पाच ड्युटीवर, दोघांचा रिचार्ज संपलेला.

तर शेवटी झालं काय, लोकांनी एकमेकांत काही न ठरवताच हात आखडता घेतला. गेममध्ये आपल्या नावापुढं वॉरमध्ये नाही अशी लाल खूण करता येते, एकेकानं लाल करायला सुरुवात केली. लीडर सैन्य मागायचा, कोणी द्यायचं नाही. शिव्या नाहीत, भांडण नाही, चॅटवर नुसती शांतता. नवीन क्लॅन काढायचा विचार झाला होता पण तिथं लेव्हल एकपासून सुरू, इतक्या वर्षांची कमाई सोडायची हिंमत कोणात नव्हती. कोरियात लीनेज टू नावाच्या गेममध्ये २००४ मध्ये याहून मोठं झालं होतं, बार्त्झ सर्व्हरवर एका जबरदस्त गटानं किल्ले धरून कर वाढवला, तर नवशिके खेळाडू चिलखत नाही, अंगात फक्त आतले कपडे अशा अवतारात हजारोंनी चाल करून गेले आणि त्यांना हटवलं. (नंतर जिंकलेल्यांमध्येच भांडणं लागली आणि जुने परत आले, तेही सांगून ठेवतो.) आमचे लोक तेवढे शूर नाहीत, आम्ही नुसते लाल झालो.

लीडरनं एकदा हट्टानं स्वतःच्या मिनी आयडींचंच पाच जणांचं वॉर लावलं. सगळं गाव पाहून राहिलं होतं. दहाच्या दहा अटॅक त्यालाच मारायचे, दुकानात गिऱ्हाईक उभे, एक मोबाइल चार्जिंगला, एक गरम होऊन बंद, शून्य स्टार, शून्य स्टार. त्याच रात्री चॅटवर पिवळी ओळ आली, अमक्याला लीडर करण्यात आलं. सोबत त्याचा मेसेज, "घ्या, करा आता काय करायचं ते."

नवीन लीडरनं पहिलं काम केलं ते किक मारलेल्या पोट्ट्याला परत घेतलं, आणि दुसरं म्हणजे जुन्या लीडरला को-लीडरच ठेवलं, काही जणांना ते झोंबलं पण आमच्यात तीन स्टारची खात्री देणारा तोच आहे, काय करता. आता वॉर लावायच्या आधी ग्रुपवर लाईनचं वेळापत्रक टाकतात, ज्याच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईन तो यादीत नाही, आणि त्यावर कोणी टोमणा मारायचा नाही. किक मारायची तर आधी ग्रुपवर कारण लिहायचं आणि एक रात्र थांबायचं. हे दोन्ही नियम गेमला माहीत नाहीत, पाळले जातात ते लाल खुणेच्या भीतीनं.

पुढचं इलेक्शन तूर निघाल्यावर घ्यायचं ठरलंय. कृषी केंद्रवाला म्हणतो चार्ज त्याच दिवशी देईन, लिहून घ्या, आणि पानठेलेवाल्यानं खरंच एका वहीत लिहून घेतलंय, उधारीच्या वहीत, त्याच्याच नावाखाली. मिनी आयडीचं मात्र भिजत घोंगडं तसंच आहे, कारण आता नव्या लीडरपाशीही तीन झालेत.